अंगणांतील जळता क्रूस

आपल्याकडे घराच्या दारावर जें चिन्ह असतें तें घरच्या माणसांच्या हातचें असतें. कोणी उंबरठ्यापुढें रांगोळीचें स्वस्तिक काढतो, कोणी चौकटीवर क्रूस लावतो, कोणी गणपतीची तसबीर बसवितो. आणि त्यावरून आंत कोणत्या श्रद्धेचीं माणसें राहतात हें येणाऱ्याजाणाऱ्यास कळतें. परंतु समजा, एके दिवशीं पहाटे आपण दार उघडलें आणि आपल्याच अंगणांत, परक्या हातानें रातोरात रोवलेला व अर्धवट जळालेला एक लांकडी क्रूस दिसला, तर आपणांस काय वाटेल? चिन्ह तेंच; पण तें आतां आपली श्रद्धा सांगत नाहीं, ‘तुम्ही येथून निघून जा’ असें बजावतें.

ही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा गोष्टी पुष्कळदां घडल्या आहेत, आणि त्यांस आळा कसा घालावा ह्याविषयींचीं विधेयकें तेथील राज्यांच्या कायदेमंडळांपुढें पाऊणशें वर्षांपासून येत आहेत. तेथें पन्नास राज्यें आहेत व फौजदारी कायदा बहुतांशीं प्रत्येक राज्य आपापला करितें. त्यामुळें एकाच दुखण्यावर निरनिराळीं औषधें सांपडतात. दुसऱ्यास धाक घालणें, दुसऱ्याच्या जागेंत आगंतुकपणें शिरणें आणि मालकाच्या परवानगीवांचून चिन्हें किंवा चित्रें झळकविणें, ह्या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणारे कायदे अलीकडे कांहीं राज्यांनीं केले. ते करणें वाटतें तितकें सोपें कां नाहीं, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या जळत्या क्रुसाची हकीकत पाहूं. कृष्णवर्णीय लोकांवर अत्याचार करणारी ‘कू क्लक्स क्लॅन’ नांवाची गुप्त संघटना १८६५ सालीं टेनेसी राज्यांतील पुलास्की गांवीं निघाली; पण त्या पहिल्या क्लॅनमध्यें क्रूस पेटविण्याची चाल मुळींच नव्हती. ती आली एका कादंबरीवरून! टॉमस डिक्सन नांवाच्या लेखकानें १९०५ सालीं ‘द क्लॅन्समन’ ही कादंबरी लिहिली; तिच्यांत स्कॉटलंडांतील जुन्या टोळ्या जळता क्रूस फिरवून आपली माणसें गोळा करीत, ती चाल त्यानें क्लॅनच्या गळ्यांत बांधली. पुढें १९१५ सालीं ह्या कादंबरीवरून मोठा चित्रपट निघाला, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जॉर्जिया राज्यांतील स्टोन मौंटन नामक डोंगरावर नव्या क्लॅनची स्थापना करितांना खराखुरा क्रूस पेटविण्यांत आला. कादंबरीकाराची लहर पाहतां पाहतां हजारों कुटुंबांची झोंप उडविणारी खूण बनली. ज्या क्रुसावर, ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें, एका निरपराध्यानें दुसऱ्यांसाठीं प्राण दिला, तोच निरपराध्यांस भेडसावण्यासाठीं वापरला जावा ह्यापरती विटंबना आम्हांस तरी सांपडत नाहीं.

१९५० नंतर दक्षिणेंतील राज्यें जागीं झालीं. जॉर्जियानें १९५१ सालीं तोंडावर बुरखा घालून हिंडण्यास बंदी केली व दुसऱ्याच्या जागेंत त्याच्या लेखी परवानगीवांचून जळता क्रूस उभारणें गुन्हा ठरविलें. व्हर्जिनियानें पुढच्याच वर्षीं तशा धर्तीचा कायदा केला. ‘लेखी परवानगी’ हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. ते पुन्हां भेटणार आहेत.

आतां अडचण कोठें आहे ती पाहूं. अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं जी पहिली दुरुस्ती झाली, तिनें भाषणस्वातंत्र्यास हात लावण्याची सरकारास मनाई केली आहे. आणि तेथील न्यायालयें चिन्हासही एक प्रकारचें भाषणच समजतात. सन १९९० च्या जून महिन्यांत मिनेसोटा राज्यांतील सेंट पॉल शहरीं कांहीं तरुण पोरांनीं मोडक्या खुर्चीच्या पायांचा क्रूस जुळवून तो एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणाच्या आंत पेटविला. शहराचा एक नियम होता कीं, वंश, वर्ण, पंथ, धर्म किंवा स्त्रीपुरुषभेद ह्यांवरून लोकांत राग वा भीति उत्पन्न करील असें चिन्ह लावणें गुन्हा आहे. खटला त्या नियमाखालीं चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ सालीं नऊही न्यायमूर्तींनीं, कारणें वेगवेगळीं देऊन, तो नियमच रद्द ठरविला!

हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस राग येईल. आम्हांसही प्रथम आला होता. पण निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति स्कॅलिया ह्यांनीं त्या पोरांस शाबासकी दिली नव्हती. कृत्य निंद्यच आहे असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, अमुक विषयावरचा द्वेष शिक्षेस पात्र व तमुक विषयावरचा नाहीं, अशी निवड सरकारानें करूं नये. दुसऱ्याच्या अंगणांत आग लावणें, धमकी देणें व नुकसान करणें ह्यांविरुद्ध साधे कायदे होतेच, ते वापरावयाचे होते. आणि खरोखरच पुढें त्या प्रकरणांतील कांहीं जणांवर, एका कुटुंबास आपल्या घरांत राहण्याच्या हक्कापासून धाकानें हुसकावूं पाहिलें, ह्या आरोपावरून संघराज्याच्या कायद्याखालीं दोष सिद्ध झाला. म्हणजे चिन्हावर रोखलेला बाण वांयां गेला व धाकावर रोखलेला लागला.

हा भेद १९९८ सालच्या व्हर्जिनियांतील दोन क्रुसांनीं अगदीं उघड केला. पहिला क्रूस ऑगस्टांत कॅरोल परगण्यांत एका शेतांत पेटला. शेताच्या मालकाची संमति होती; पंचवीस-तीस क्लॅनवाले जमले होते; क्रूस पंचवीस-तीस फूट उंच होता; रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींतील लोकांस तो दिसत होता. तो जळत असतां ध्वनिक्षेपकावर ‘अमेझिंग ग्रेस’ हें इंग्रजी भक्तिगीत चाललें होतें. हें गीत रचणारा जॉन न्यूटन तरुणपणीं गुलामांच्या गलबतावरचा कप्तान होता व उतारवयांत त्यानें त्या व्यापाराविरुद्ध साक्ष दिली. क्लॅनच्या सभेंत बसलेल्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल कोण जाणे! दुसरा क्रूस त्याच वर्षीं मे महिन्यांत व्हर्जिनिया बीच येथें, एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या अंगणांत रात्रीं पेटविण्याचा यत्न झाला. त्या गृहस्थाचा अपराध एवढाच कीं, शेजारच्या घरामागून बंदुकीचे बार ऐकूं येतात, ते कसले, असें त्यानें शेजारणीस विचारलें होतें. तेथें सभा नव्हती, भाषण नव्हतें, गाणें नव्हतें. सकाळीं घरापासून वीसेक फुटांवर तो अर्धवट जळलेला क्रूस त्यास दिसला.

दोन्ही खटले एकत्र सर्वोच्च न्यायालयापुढें आले आणि २००३ सालीं न्यायमूर्ति सँड्रा डे ओकॉनर ह्यांनीं निकाल दिला कीं, धाक घालण्याच्या हेतूनें क्रूस पेटविणें गुन्हा ठरविण्यास राज्यास मुभा आहे. मात्र क्रूस पेटविला एवढ्यावरून हेतु सिद्ध झाला असें गृहीत धरतां येणार नाहीं, हेतु स्वतंत्रपणें दाखविला पाहिजे. शेतांतील पुढाऱ्याची शिक्षा त्यामुळें टिकली नाहीं. त्या वेळीं न्यायासनावर असलेले एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ति क्लॅरेन्स टॉमस ह्यांस हा भेद पटला नाहीं. सुनावणीच्या वेळीं क्वचितच बोलणारे हे गृहस्थ त्या दिवशीं मात्र बोलले, व जळत्या क्रुसाला दहशतीवांचून दुसरा अर्थच नाहीं असें त्यांनीं आपलें मत नोंदविलें. आम्ही बहुमताच्या बाजूचे आहों. तरी ज्यांच्या पूर्वजांनीं ती आग अंगणांत पाहिली त्यांच्या तोंडचा तो शब्द हलका मानण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

बहुमताची बाजू आम्ही कां घेतों, तें इलिनॉय राज्यांतील स्कोकी गांवच्या प्रकरणावरून कळेल. तेथें हिटलरच्या छळछावण्यांतून वांचलेले पुष्कळ यहुदी राहत असत. १९७७ सालीं अमेरिकेंतील मूठभर नाझीपंथीयांनीं त्या गांवांतून आपल्या निशाणासह मिरवणूक काढण्याचें ठरविलें. गांवानें बंदी घातली, आणि नाझींच्या बाजूनें न्यायालयांत उभा राहिला तो वकील, डेव्हिड गोल्डबर्गर, स्वतः यहुदी होता! त्याच्या संस्थेचे प्रमुख आर्ये नायर हे तर हिटलरच्या बर्लिनमधून लहानपणीं निसटलेले. त्यांचा युक्तिवाद असा कीं, आज नकोशा माणसाचें तोंड बंद करण्याची सत्ता सरकारास दिली तर उद्यां तीच सत्ता आपल्यावर चालेल. न्यायालयांनीं तें मान्य केलें. त्या संस्थेचे हजारों सभासद रागावून सोडून गेले. आणि मिरवणूक? ती स्कोकींत शेवटपर्यंत निघालीच नाहीं. ती मंडळी १९७८ च्या उन्हाळ्यांत शिकागोस सभा भरवून मोकळी झाली.

ह्या सर्व अनुभवानंतर फ्लॉरिडा राज्याचा २०२३ सालचा कायदा आला. त्याचें निमित्त असें: २०२२ च्या ऑक्टोबरांत जॅक्सनव्हिल शहरीं फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या वेळीं क्रीडांगणाच्या बाह्य भिंतीवर प्रकाशझोतानें यहुद्यांविरुद्धचा मजकूर झळकविण्यांत आला. शिवाय, राज्यांत ठिकठिकाणीं यहुद्यांची निंदा करणारीं पत्रकें, वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून आंत खडे किंवा दाणे घातलेल्या पिशव्यांतून, रात्रीं घराघरांच्या आवारांत टाकलेलीं आढळूं लागलीं. भिंतीवर रंग नाहीं, ओरखडा नाहीं. दिवा विझविला कीं पुरावा नाहींसा! जुन्या कायद्यांत ह्या नव्या युक्तीस नांवच नव्हतें. पिशव्या टाकणारास फार तर कचरा केल्याचा दंड होई.

नव्या कायद्यानें मताला हात घातला नाहीं, जागेस घातला. मालकाच्या लेखी संमतीवांचून कोणत्याही साधनानें त्याच्या इमारतीवर चित्र झळकविणें. घरांतील माणसांस धमकावण्याच्या हेतूनें आवारांत पत्रकें टाकणें. कोणाच्या अंगावरील धर्माची किंवा वंशाची खूण पाहून त्यास जाणूनबुजून छळणें. उपासनेची सभा मोडणें. आणि धाक घालण्याच्या हेतूनें सरकारी विद्यापीठाच्या आवारांत शिरून, जा म्हटल्यावरही न जाणें, हे सर्व गुन्हे ठरले. साधारण शिक्षा एक वर्षापर्यंत कैद व एक हजार डॉलरपर्यंत दंड; जागा सोडण्याच्या त्या शेवटच्या कलमाखेरीज इतर कृत्यांस खऱ्याखुऱ्या धमकीची जोड असेल तर पांच वर्षांपर्यंत कैद. १९५१ सालचे ते दोन शब्द, ‘लेखी परवानगी’, लांकडी क्रुसावरून प्रकाशझोतावर आले एवढाच काय तो फरक. टेनेसी राज्यांतही, २०२४ सालीं नॅशव्हिल शहरांत नाझीपंथीयांच्या मिरवणुका निघाल्यानंतर, पुढच्या वर्षीं अशाच धर्तीचा कायदा झाला. त्यांत रस्त्यांवरील पुलांना फलक लटकविण्याचाही समावेश आहे.

ह्या कायद्यांत गोम नाहीं असें नाहीं. फ्लॉरिडाचें भिंतीविषयींचें कलम हेतु विचारतच नाहीं. नाताळच्या रात्रीं कोणी हौशी मुलानें शेजाऱ्याच्या भिंतीवर न विचारतां प्रकाशाचा तारा पाडला तर अक्षरशः तोही त्या कलमांत सांपडेल. उलट जेथें हेतु विचारला आहे तेथें ‘धाक’ ह्या शब्दाची व्याप्ति कोण ठरविणार? संपावर बसलेला कामकरी मालकास, आणि घोषणा देणारा विद्यार्थी प्राचार्यांस, धाक घालतो असें म्हणणारे निघतीलच. ह्या प्रश्नास सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या जूनमध्यें थोडें उत्तर दिलें: आपल्या शब्दांनीं समोरचा घाबरेल हें जाणूनही ज्यानें पर्वा केली नाहीं, तोच धमकीबद्दल दोषी.

आपल्या देशांत ही कल्पना नवी नाहीं. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत, दुसऱ्याच्या जागेंत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्यास त्रास देण्याच्या हेतूनें शिरणें हाच अतिक्रमणाचा अर्थ सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेंतही तोच अर्थ आला आहे. भिंतींच्या विद्रूपणाविरुद्ध महाराष्ट्राचा १९९५ सालचा स्वतंत्र कायदा आहे, जरी निवडणुकीच्या दिवसांत आपल्या भिंती पाहून तो कोणास आठवत असेल असें वाटत नाहीं.

आतां स्वस्तिकाची गोष्ट तेवढी राहिली. नाझींचें चिन्ह इंग्रजींत ‘स्वस्तिक’ ह्याच नांवानें ओळखलें जातें, व त्यामुळें परदेशीं राहणाऱ्या आपल्या लोकांस लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं दारापुढें रांगोळी काढतांना संकोच होई. कॅलिफोर्निया राज्यानें २०२२ सालीं, दहशत घालण्यासाठीं फांसाचा दोर, जळता क्रूस किंवा नाझीचिन्ह लावणाऱ्यांस सारखीच शिक्षा ठरविणारा कायदा केला. त्या वेळीं तेथील हिंदूंच्या संस्थांनीं ही अडचण कायदेमंडळापुढें मांडली. कायद्यांत ‘हाकेनक्रॉइत्स’ हें नाझींचें मूळ जर्मन नांव घालण्यांत आलें, आणि हिंदु, बौद्ध व जैन ह्यांचें प्राचीन स्वस्तिक हें शांतीचें चिन्ह असून तें लावणाऱ्यास गुन्हेगार ठरविण्याचा उद्देश नाहीं, असें त्याच कायद्यांत स्पष्ट लिहून ठेवलें. जर्मन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘आंकड्यांचा क्रूस’ असा आहे.