क्षणचित्रे : किती ठेवावीत, कोणती काढावीत?

बँका, रुग्णालये, विद्यापीठे अशा संस्थांची माहिती मध्यवर्ती साठवण यंत्रणेत ठेवलेली असते. तेथे एखादी फाइल चुकून पुसली गेली, तर अनेकांचे काम अडते. अशा वेळी माहितीची पूर्वस्थिती परत मिळावी, म्हणून यंत्रणा ठरावीक वेळी तिचे ‘स्नॅपशॉट’ घेते. स्नॅपशॉट म्हणजे माहितीचे क्षणचित्र.

क्षणचित्र ही संपूर्ण माहितीची दुसरी प्रत नव्हे. १९९२ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नेटअ‍ॅप या कंपनीच्या यंत्रणेवरून हे स्पष्ट होईल. तीत माहिती ४ किलोबाइटच्या तुकड्यांत साठवली जाते. या तुकड्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. फाइलमध्ये बदल केला, की जुन्या ब्लॉकवर न लिहिता नवा मजकूर रिकाम्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो. स्नॅपशॉट घेताना त्या क्षणी कोणते ब्लॉक वापरात होते, एवढेच नोंदले जाते. म्हणून तो त्वरित तयार होतो आणि आरंभी जागाही नाममात्र घेतो. मात्र त्याने नोंदलेले ब्लॉक, तो असेपर्यंत मोकळे होत नाहीत.

येथेच व्यवस्थापकाची कसोटी लागते. समजा, १० गिगाबाइटची एक फाइल असताना दोन स्नॅपशॉट घेतले आणि नंतर ती फाइल पुसली. तरीही जागा मोकळी होत नाही, कारण दोन्ही स्नॅपशॉट तिचे ब्लॉक धरून असतात. त्यांपैकी एक काढला, तरी दुसरा उरतोच. दोन्ही काढल्यावरच ती जागा परत मिळते. पण त्याबरोबर ती फाइल परत मिळवण्याचा मार्गही बंद होतो.

स्नॅपशॉटसाठी सर्वसाधारणपणे ५ टक्के जागा राखीव असते. ती भरली, की जुने ब्लॉक नित्य वापराच्या जागेवर अतिक्रमण करतात. ती जागाही संपली, तर नवी नोंद करणेच थांबते. म्हणून किती स्नॅपशॉट ठेवावेत, याचे धोरण आधीच आखलेले असते. नेटअ‍ॅपच्या मूळ धोरणानुसार दर तासाचे ६, दैनिक २ आणि साप्ताहिक २ स्नॅपशॉट राहतात. नवा आला, की त्या प्रकारातील सर्वांत जुना आपोआप जातो.

हाताने स्नॅपशॉट काढताना अधिक सावधगिरी हवी. दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणेशी माहिती जुळवण्यासाठी एखादा स्नॅपशॉट आधार म्हणून वापरला जात असतो. दोन्हीकडे सामाईक असलेला असा एकमेव स्नॅपशॉट काढला, तर सर्व माहिती प्रारंभापासून पाठवावी लागते. काढलेला स्नॅपशॉट पूर्ववत होईल, असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून त्याचे नाव, दिनांक आणि उपयोग आधी तपासावा लागतो.

शिवाय स्नॅपशॉट मूळ माहितीच्याच डिस्कवर असतात. त्या डिस्कच निकामी झाल्या, तर माहिती व क्षणचित्रे दोन्ही जातात. त्यामुळे अन्यत्र ठेवलेली स्वतंत्र प्रत अनिवार्य ठरते. काय जपायचे, याइतकाच काय व केव्हा सोडायचे, याचा विवेकही माहितीच्या रक्षणासाठी आवश्यक असतो.