अतिसारकारक जीवाणूंचे साथरोग सर्वेक्षण

अतिसारकारक जीवाणूंचे साथरोग सर्वेक्षण म्हणजे सांसर्गिक अतिसार घडवून आणणाऱ्या जीवाणूंचा लोकसमूहातील आढळ सातत्याने नोंदविणे, त्या नोंदींचे विश्लेषण करणे आणि त्यातून निघालेले निष्कर्ष प्रतिबंधक उपाय योजू शकणाऱ्या यंत्रणेपर्यंत वेळेवर पोहोचविणे होय. रुग्णालयातील निदानाचा हेतू समोरच्या रुग्णावर उपचार करणे हा असतो, तर सर्वेक्षणाचा हेतू त्याच स्रोतापासून पुढचा रुग्ण होऊ नये हा असतो. पटकी, जीवाणुजन्य आमांश, साल्मोनेलाजन्य अन्नविषबाधा आणि ई. कोलायच्या रोगकारक प्रकारांमुळे होणारा अतिसार हे या सर्वेक्षणाचे प्रमुख विषय आहेत.

गरज

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे, अशी अतिसाराची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत अतिसाराची गणना होते. जगात दरवर्षी या वयोगटातील चार लाखांहून अधिक बालके त्याला बळी पडतात.

अतिसार हे लक्षण आहे; त्यामागील कारण विषाणू, जीवाणू किंवा आदिजीव यांपैकी काहीही असू शकते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत उपचार कारणावर अवलंबून नसतो. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणारी जलसंजीवनी हाच त्याचा गाभा असतो. त्यामुळे जीवाणू ओळखण्याची निकड रुग्णाला किंवा त्याच्या डॉक्टरला भासत नाही. परंतु दूषित विहीर, फुटलेली जलवाहिनी किंवा बाजारात गेलेला दूषित खाद्यपदार्थ शोधावयाचा असेल, तर अनेक ठिकाणच्या रुग्णांत एकच जीवाणू आहे किंवा नाही हे कळणे आवश्यक ठरते. हे काम सर्वेक्षणाचे आहे.

प्रमुख जीवाणू

* व्हिब्रिओ कॉलरी : पटकीचा जीवाणू. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब होऊन काही तासांत तीव्र निर्जलीकरण होऊ शकते. त्याच्या अनेक रक्तगटसदृश प्रकारांपैकी ओ१ व ओ१३९ हे दोनच मोठ्या साथींना कारणीभूत झाले आहेत.
* शिगेला : जीवाणुजन्य आमांशाचे कारण. शौचातून रक्त व आव पडते. अत्यल्प जीवाणूंनीही संसर्ग होत असल्याने तो हातांवाटे, विशेषतः दाटीच्या वस्तीत, सहज पसरतो. जपानी वैज्ञानिक कियोशी शिगा यांनी १८९७ च्या साथीत त्याचा शोध लावला.
* साल्मोनेला : अंडी, मांस, दूध व त्यांचे पदार्थ यांतून होणाऱ्या अन्नविषबाधेचे एक प्रमुख कारण.
* कॅम्पिलोबॅक्टर : मुख्यतः अपुरे शिजलेले कोंबडीचे मांस व कच्चे दूध यांतून पसरतो.
* ई. कोलाय : याचे बहुतेक प्रकार मनुष्याच्या आतड्यात निरुपद्रवी असतात. मात्र काही प्रकार बालकांच्या व प्रवाशांच्या अतिसारास कारणीभूत होतात, तर शिगा विष निर्माण करणारे प्रकार मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

इतिहास

नोंदींच्या आधारे अतिसाराच्या साथीचा स्रोत शोधण्याचे प्रसिद्ध उदाहरण १८५४ मधील लंडनचे आहे. सोहो भागात पटकीची साथ पसरली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्युनोंदी मिळवून मृतांची घरे शोधली आणि बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती एकवटले असल्याचे दाखविले. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. त्या वेळी साथ आधीच ओसरू लागली होती. तरीही रुग्णांच्या नोंदींवरून स्रोत सापडू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. स्नो यांना त्या नोंदी मिळू शकल्या, कारण विल्यम फार यांच्या देखरेखीखाली इंग्लंडमध्ये मृत्यूंची कारणांसह नोंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली होती.

पटकीचा जीवाणू इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, परंतु त्यांचे कार्य दुर्लक्षित राहिले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्ता येथे या जीवाणूचे शुद्ध संवर्धन मिळविले आणि रुग्ण ज्या तलावाचे पाणी वापरत होते त्या पाण्यातही तो दाखविला. तेव्हापासून रुग्णांच्या नोंदीला प्रयोगशाळेतील पुराव्याची जोड मिळाली.

१९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ १९६४ मध्ये भारतात पोहोचली. तिला कारणीभूत असलेल्या 'एल टॉर' या जैवप्रकाराच्या संसर्गात अनेकांना सौम्य लक्षणे दिसतात किंवा लक्षणे दिसतच नाहीत. अशा व्यक्तींकडूनही जीवाणू पसरत असल्याने केवळ गंभीर रुग्ण मोजून साथीचा विस्तार कळत नाही.

कार्यपद्धती

लक्षणांवर आधारित नोंद

प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळावी म्हणून लक्षणांच्या ठरावीक व्याख्या वापरतात. उदाहरणार्थ, जेथे पटकीची साथ घोषित झालेली नाही तेथे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला तीव्र पातळ जुलाबांनी गंभीर निर्जलीकरण झाले किंवा तिचा मृत्यू झाला, तर तो पटकीचा संशयित रुग्ण मानला जातो. तान्ह्या बालकांत गंभीर अतिसार रोटाव्हायरससारख्या विषाणूंमुळेही वारंवार होतो. मोठ्या व्यक्तीला जुलाबांनी काही तासांत गंभीर निर्जलीकरण होणे मात्र क्वचित घडते, म्हणून अशा एका रुग्णाचीही दखल घेतली जाते.

रुग्णसंख्येची तुलना त्याच परिसरातील मागील वर्षांच्या त्याच काळाशी करतात. पावसाळ्यात अतिसाराचे रुग्ण वाढणे अपेक्षित असते. त्या अपेक्षित पातळीपेक्षा वाढ झाली किंवा एकाच वस्तीत थोड्या दिवसांत रुग्ण एकवटले, तर उद्रेकाचा संशय घेतला जातो.

नमुना व प्रयोगशाळा

शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घेणे महत्त्वाचे असते, कारण औषधाच्या एक-दोन मात्रांनंतर जीवाणू संवर्धनात वाढेनासा होतो. नमुना दूर पाठवावयाचा असल्यास कॅरी-ब्लेअर हे वाहक माध्यम वापरतात. त्यात जीवाणू जिवंत राहतात, पण बेसुमार वाढत नाहीत. प्रयोगशाळेत टीसीबीएस या माध्यमावर पटकीच्या जीवाणूच्या पिवळ्या वसाहती साधारणतः एका दिवसात दिसतात. त्यानंतर विशिष्ट प्रतिद्रव्ययुक्त रक्तद्रव मिसळून जीवाणूंच्या गुठळ्या होतात का, हे पाहून त्याचा प्रकार निश्चित करतात. उद्रेकातील प्रत्येक रुग्णाचा नमुना घेण्याची गरज नसते. आरंभीच्या काही रुग्णांत जीवाणू सिद्ध झाल्यावर पुढील रुग्णांची नोंद लक्षणांवरून करता येते.

उपप्रकार व जीनोम

एकाच जातीच्या जीवाणूंमध्येही अनेक वाण असतात. दोन गावांतील रुग्णांत एकच वाण आढळला तर त्यांचा स्रोत समान असण्याची शक्यता वाढते. १९९३ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ चा मोठा उद्रेक होऊन चार बालके दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तेथे 'पल्सनेट' हे प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले. डीएनएच्या तुकड्यांपासून मिळणारा पट्ट्यांचा ठसा सर्व प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने काढावयाचा व एका संग्रहात ठेवावयाचा, अशी त्याची रचना होती. आता या ठशांची जागा संपूर्ण जीनोमच्या क्रमनिर्धारणाने घेतली आहे. त्यामुळे दोन वाणांतील अत्यंत सूक्ष्म फरकही ओळखता येतात.

स्रोताचा शोध

समान वाण सापडला म्हणजे स्रोत सापडला असे होत नाही. त्यासाठी रुग्णांनी काय खाल्ले, कोठले पाणी प्यायले याची चौकशी करून त्याच परिसरातील निरोगी व्यक्तींशी तुलना करतात. पाणी व अन्नाचे नमुने तपासतात आणि पुरवठ्याचा माग मूळ ठिकाणापर्यंत काढतात. सांडपाण्याचे परीक्षण हीदेखील एक जुनी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी १९४० च्या दशकात गटारांत कापडी बोळे लोंबकळत ठेवून व त्यांचे संवर्धन करून पॅराटायफॉइडच्या वाहक व्यक्तीच्या घरापर्यंत माग काढण्याची पद्धत वापरली. ती 'मूर स्वॅब' या नावाने ओळखली जाते.

उल्लेखनीय उद्रेक

जर्मनी, २०११

मे ते जुलै २०११ या काळात उत्तर जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ या वाणाचा उद्रेक झाला. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, आठशेहून अधिक रुग्णांना मूत्रपिंडे निकामी करणारा उपद्रव झाला आणि पन्नासहून अधिक मृत्यू झाले. प्रारंभी हॅम्बुर्ग येथे स्पेनहून आलेल्या काकड्यांवर संशय जाहीर करण्यात आला. काकड्यांवर जीवाणू आढळला होता, परंतु तो उद्रेकातील वाण नव्हता. हे स्पष्ट होईपर्यंत स्पेनमधील भाजीपाला उत्पादकांची बाजारपेठ कोसळली होती.

खरा स्रोत मोड आलेली कडधान्ये व बियाणी हा निघाला. सॅलडवर शोभेपुरते पेरलेले मोड अनेक रुग्णांना आठवलेच नव्हते. म्हणून तपासपथकाने रुग्णांच्या स्मरणावर विसंबण्याऐवजी एका उपाहारगृहातील गिऱ्हाइकांनी मागविलेले पदार्थ व त्या पदार्थांच्या पाककृती ताडून पाहिल्या. जून महिन्यात फ्रान्समधील बोर्दो परिसरात याच वाणाचे रुग्ण आढळले. दोन्ही ठिकाणच्या पुरवठ्याचा माग घेतला असता इजिप्तहून आयात केलेले मेथीचे बियाणे हा समान दुवा मिळाला.

हैती, २०१०

जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैतीत पटकीची साथ सुरू झाली. त्यापूर्वी सुमारे शतकभर तेथे पटकीची नोंद नव्हती. या साथीत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारे दहा हजार मृत्यू झाले. जीवाणूचा जीनोम नेपाळमधील वाणांशी जवळजवळ तंतोतंत जुळला आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाणी नदीत गेल्याच्या निष्कर्षास त्यामुळे पुष्टी मिळाली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली.

भारतातील व्यवस्था

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र ही त्याची मध्यवर्ती संस्था आहे. कार्यक्रमात तीन प्रकारचे अहवाल योजलेले आहेत : आरोग्यसेवकांनी लक्षणांवरून भरावयाचा 'एस', वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संभाव्य निदानावरून भरावयाचा 'पी' आणि प्रयोगशाळेने भरावयाचा 'एल' नमुना. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे अहवाल जिल्हा, राज्य व केंद्र या क्रमाने जात असत. २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंचाद्वारे ही नोंद संगणकावर व भ्रमणध्वनीवर थेट करण्याची सोय झाली. या कार्यक्रमात नोंदल्या जाणाऱ्या उद्रेकांत तीव्र अतिसार व अन्नविषबाधा यांचा वाटा मोठा असतो.

संदर्भ प्रयोगशाळेचे महत्त्व १९९२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी मद्रास व नंतर कलकत्ता येथे पटकीसारख्याच रुग्णांमधून असा जीवाणू मिळाला, की जो ओ१ प्रकारच्या रक्तद्रवाशी गुठळ्या करीत नव्हता. केवळ नेहमीच्या चाचणीवर भिस्त ठेवली असती तर हे रुग्ण पटकीचे नाहीत असे ठरले असते. जीवाणूचा नवा प्रकार म्हणून अभ्यास झाल्यावर त्याला ओ१३९ बंगाल असे नाव मिळाले. पूर्वीच्या ओ१ संसर्गाने आलेली प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे उपयोगी पडत नसल्याने प्रौढांतही रुग्णांचे प्रमाण मोठे होते. पूर्वी राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्था या नावाने ओळखली जाणारी कोलकात्यातील संस्था ही या क्षेत्रातील प्रमुख संशोधन संस्था असून तिची स्थापना १९६२ मध्ये झाली.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात ग्रामीण भागातील जलस्रोतांची स्वच्छतेच्या दृष्टीने पाहणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर केली जाते. आढळलेल्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्यात येते. लाल कार्ड तीव्र जोखमीचे, तर हिरवे सौम्य जोखमीचे निदर्शक असते. पाण्यात टीसीएल पावडर मिसळण्याचे काम जलसुरक्षक करतो. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे ओटी चाचणीने तपासतात. क्लोरीन असल्यास पाण्याला पिवळा रंग येतो. पावडर उघडी किंवा दमट जागी राहिल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो, म्हणून पावडरीचे नमुनेही प्रयोगशाळेत तपासतात.

आषाढी वारीसारख्या मोठ्या यात्रांमध्ये पूर्वी पटकीची साथ हे मोठे भय असे. आता पालखी मार्गावरील विहिरी, कूपनलिका व टँकर भरण्याची ठिकाणे यांतील पाणी आधीच तपासून निर्जंतुक करतात आणि मुक्कामाच्या गावी आरोग्यपथके ठेवतात.

प्रतिजैविकरोध

सर्वेक्षणात मिळालेल्या जीवाणूंवर कोणती प्रतिजैविके परिणामकारक आहेत याचीही तपासणी करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये यासाठी प्रयोगशाळांचे जाळे सुरू केले. शिगेलाच्या बाबतीत ही माहिती विशेष मोलाची आहे, कारण आमांशाच्या गंभीर रुग्णाला प्रतिजैविक द्यावे लागते आणि कोणते द्यावे हे परिसरातील वाणांवरून ठरवावे लागते. फ्ल्युओरोक्विनोलोन गटातील औषधांना न जुमानणाऱ्या शिगेलाचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या प्राधान्य जीवाणूंच्या यादीत समावेश केला आहे.

मर्यादा

नोंदलेले रुग्ण हे प्रत्यक्ष रुग्णसंख्येचा लहानसा अंश असतात. आजारी पडलेल्यांपैकी थोडेच डॉक्टरांकडे जातात, त्यांपैकी थोड्यांचाच नमुना घेतला जातो, त्यातल्या काहींतच जीवाणू सापडतो आणि सापडलेल्या प्रत्येकाची नोंद वर जातेच असे नाही. तज्ज्ञ याची तुलना पिरॅमिडशी करतात. खासगी दवाखान्यांतून माहिती न येणे हे त्यातील मोठे छिद्र होय. परिणामी ज्या जिल्ह्यात तपासणी अधिक तेथे रोग अधिक दिसतो, आणि जेथे प्रयोगशाळाच नाही तेथे तो कागदोपत्री नसतोच.

संवर्धन न करता थेट जनुकीय चाचणीने निदान करण्याची पद्धत वाढत आहे. ती जलद असली तरी तिच्यात जिवंत जीवाणू हाती लागत नसल्याने वाण ओळखणे व प्रतिजैविकरोध तपासणे कठीण होते.

अडचणी केवळ तांत्रिक नाहीत. पटकी जाहीर केल्यास व्यापार व पर्यटनावर निर्बंध येतील या भीतीने काही देश रुग्णांची नोंद केवळ 'तीव्र पातळ अतिसार' अशी करतात. २००७ मध्ये अमलात आलेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत अनावश्यक निर्बंध टाळण्यावर भर आहे, तो यासाठीच. स्थानिक पातळीवरही उद्रेक जाहीर होणे म्हणजे आपला दोष उघड होणे अशी समजूत असेल, तर नोंद टाळली जाते आणि दूषित स्रोत तसाच चालू राहतो.

हेही पाहा

* पटकी
* आमांश
* जलसंजीवनी
* अन्नविषबाधा
* प्रतिजैविकरोध