देयक ॲपची आज्ञावली आणि ग्राहकाचा विश्वास

भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने २०१६ मध्ये ‘यूपीआय’ प्रणाली सुरू केल्यानंतर भ्रमणध्वनीवरून रक्कम चुकती करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. या सुविधेवरील विश्वास मात्र ॲपच्या देखण्या पडद्यापेक्षा त्यामागील आज्ञावलीवर अधिक अवलंबून असतो.

ग्राहक भाजीविक्रेत्याला ८० रुपये पाठवतो आणि त्याच क्षणी नेटवर्क खंडित होते. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, की व्यवहार पूर्ण होऊन केवळ उत्तर वाटेत हरवले, हे ॲपला कळत नाही. ग्राहक अर्थातच पुन्हा बटण दाबतो. रक्कम दोनदा कापली जाण्याचा धोका येथेच उद्भवतो. रक्कम आणि विक्रेता तेच आहेत म्हणून दुसरी विनंती सरसकट नाकारणेही योग्य नव्हे. ग्राहकाने खरोखरच आणखी ८० रुपयांची भाजी घेतलेली असू शकते.

यासाठी विनंती पाठवण्यापूर्वीच ॲपने त्या व्यवहाराला एक अनन्य क्रमांक द्यावा, तो भ्रमणध्वनीत जतन करावा आणि पुनर्प्रयत्नाच्या वेळी तोच पाठवावा. बटण दाबताना दरवेळी नवा क्रमांक निर्माण झाल्यास सारी तजवीज व्यर्थ ठरते. क्रमांक पूर्वीच नोंदलेला असल्यास सर्व्हरने रक्कम न कापता आधीच्या व्यवहाराची स्थिती कळवावी. या गुणधर्मास संगणकशास्त्रात ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. क्रमांक आधी शोधणे व नंतर नोंदवणे अशा दोन पायऱ्या ठेवल्यास एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या निसटू शकतात. म्हणून एकमेवतेचे बंधन डेटाबेसमध्येच घालावे. उत्तर आले नाही, तर ‘अयशस्वी’ असे जाहीर करण्याची घाई न करता व्यवहार ‘प्रलंबित’ दाखवावा आणि त्याची स्थिती पुन्हा विचारावी.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्ती-व्यक्तींमधील यूपीआय व्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली, पण लाभार्थ्याला मिळाली नाही, तर ती व्यवहारानंतरच्या एका दिवसात परत करणे आवश्यक आहे. त्यापुढील विलंबास प्रतिदिन १०० रुपये भरपाई आहे. विक्रेत्याला दिलेल्या देयकासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यास पाच दिवस थोडे नव्हेत.

रकमेची नोंदही रुपयांच्या दशांशात न करता पैशांच्या पूर्णांकात करावी. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, ती ०.३०००००००००००००००४ अशी येते.