संमती नेमकी कोणाची?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कोस्टल गॅसलिंक ही ६७० किलोमीटर लांबीची नैसर्गिक वायुवाहिनी २०२३ च्या अखेरीस बांधून पूर्ण झाली. २०२५ च्या मध्यास किटिमॅटहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज आशियाकडे रवानाही झाले. मात्र ज्या वेटसुवेतेन आदिवासींच्या पारंपरिक भूमीतून ही वाहिनी जाते, त्यांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी तिला संमती दिली नव्हती. दुसरीकडे, मार्गावरील सर्व २० निर्वाचित आदिवासी मंडळांनी कंपनीशी करार केले होते. मग संमती होती की नव्हती?

या पेचाचे मूळ इतिहासात आहे. निर्वाचित मंडळे ही १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'ची निर्मिती. त्यांचा अधिकार प्रामुख्याने सरकारने आखून दिलेल्या राखीव वस्त्यांपुरता. त्यांबाहेरील सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर भूमीची व्यवस्था मात्र परंपरेने पाच कुळे आणि त्यांतील १३ घराणी पाहत आली आहेत. ही भूमी कोणत्याही कराराद्वारे सरकारला दिली गेलेली नाही.

याच मुद्द्यावर वेटसुवेतेन आणि शेजारच्या गिटक्सान प्रमुखांनी न्यायालयात दाद मागितली. प्रांतिक न्यायालयाने १९९१ मध्ये दावा फेटाळला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ रोजी, 'डेल्गामुक' खटल्यात, तो निकाल रद्द ठरविला. आदिवासींचा भूमीवरील हक्क हा खरा मालकीस्वरूपाचा हक्क आहे आणि तो सिद्ध करण्यासाठी मौखिक परंपरेलाही पुरावा म्हणून स्थान द्यावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. मात्र या विशिष्ट भूमीचा हक्क घोषित न करता फेरसुनावणी सुचविली. ती कधीच झाली नाही. तत्त्व मान्य झाले, सीमा मात्र अनिर्णित राहिल्या.

या पोकळीतच संघर्ष पेटला. मोरिस नदीकाठी २०१० पासून एका घराण्याने तळ उभारून वाट रोखली होती. कंपनीने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला आणि त्याच्या आधारे जानेवारी २०१९, फेब्रुवारी २०२० व नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी धरपकड केली. २०२० मध्ये समर्थनार्थ झालेल्या 'रेल रोको'ने पूर्व कॅनडातील वाहतूक काही आठवडे ठप्प झाली. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही सरकारांनी प्रमुखांशी हक्कांविषयी सामंजस्य करार केला. वाहिनीचा प्रश्न मात्र त्याबाहेर ठेवण्यात आला.

या समाजात रोजगार व महसुलासाठी प्रकल्प हवा असणारेही आहेत, हे विसरता येणार नाही. परंतु करारावर सही करणाऱ्याला त्या भूमीविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय, हे आधी ठरावे लागते. तसे न करता काम पुढे रेटले, तर वाहिनी पूर्ण होते, वाद मात्र संपत नाही.