पुण्याचा पगार आणि बाळापूरचा पगार

गेल्या दिवाळींत माझे एक जुने विद्यार्थी बाळापुरास माझ्या ओसरीवर येऊन बसले. ते वऱ्हाडांतल्याच एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे प्राध्यापक आहेत. पुण्याच्या एका महाविद्यालयाकडून त्यांना बोलावणें आलें होतें. हुद्दा तोच, वेतनश्रेणी तीच. हातीं पडणारी रक्कम मात्र पुण्यास अधिक. "गुरुजी, जावें कीं राहावें?" हा त्यांचा प्रश्न. मी नुसता मॅट्रिक. परंतु त्रैराशिक मीं तीस वर्षें शिकविलें आहे, आणि हा प्रश्न बव्हंशीं त्रैराशिकाचाच असल्यामुळें पाटी घेऊन बसलों.

प्रथम पगाराची घडण पाहूं. सातव्या वेतन आयोगाची श्रेणी महाराष्ट्र शासनानें ८ मार्च २०१९ च्या निर्णयानें महाविद्यालयीन अध्यापकांना लागू केली. तिची गणना १ जानेवारी २०१६ पासूनची. तींत साहाय्यक प्राध्यापकाचें आरंभींचें मूळ वेतन ५७,७०० रुपये. तें मुंबईस तेवढेंच आणि बाळापुरासही तेवढेंच. त्यावरचा महागाई भत्ताही सर्वत्र सारख्याच टक्क्यांचा.

येथें पुष्कळांची एक गैरसमजूत असते. महागाई भत्ता म्हणजे महाग शहरांत राहण्याची भरपाई, असें त्यांना वाटतें. तसें तो मुळींच नाहीं. सिमल्याचें लेबर ब्यूरो देशांतील ८८ केंद्रांच्या बाजारभावांवरून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतें, व त्या अखिल भारतीय अंकावरून भत्ता ठरतो. २०१६ सालचे भाव १०० धरले, तर आज ते किती झाले, एवढेंच हा अंक सांगतो. शिवाय प्रत्येक केंद्राचा १०० हा त्याच्या स्वतःच्या भावांचा १००. समजा, मुंबईचा अंक १४० आणि नागपूरचा १४५ निघाला, तर नागपूर मुंबईहून महाग झालें काय? नाहीं. नागपूरचे भाव नागपूरच्याच जुन्या भावांहून अधिक वेगानें चढले, इतकाच त्याचा अर्थ. हा अंक काळाची तुलना करतो, स्थळाची करीत नाहीं. गंमत अशी कीं, निर्देशांकाचा हा धडा आमचे प्राध्यापक दरवर्षीं वर्गांत शिकवितात, पण स्वतःच्या पगाराला तो लावून पाहण्याचें त्यांच्या ध्यानीं आलें नव्हतें.

मग स्थळाचा फरक कोठें दिसतो? मुख्यतः घरभाडे भत्त्यांत. त्यासाठीं शहरांचे एक्स, वाय व झेड असे तीन वर्ग आहेत. पन्नास लाखांवर वस्ती असलेलें शहर एक्स, पांच लाखांवरचें वाय, बाकी सर्व झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोंचला म्हणजे या वर्गांना मूळ वेतनाच्या अनुक्रमें ३०, २० व १० टक्के मिळतात. पुणें एक्स, अमरावती वाय. २०११ च्या जनगणनेंत अकोल्याची वस्ती सवाचार लाखांच्या आसपास भरली, म्हणून अकोलें आणि आमचें बाळापूर एकाच पंक्तीला बसतात. अकोल्याचें भाडें अमरावतीच्या निम्में आहे, असें अकोल्याचा एकही भाडेकरू कबूल करणार नाहीं. पण वर्ग माणसें मोजून पडतात, भाडें मोजून नव्हे. २०१५ सालीं केंद्र सरकारनें पुण्याला वायमधून एक्समध्यें चढविलें आणि भत्ता विसांचा तीस टक्के झाला. पुण्याचें भाडें कांहीं त्याच दिवशीं दीडपट झालें नव्हतें.

आतां आंकडे मांडूं. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर मूळ वेतन व तो भत्ता मिळून ८६,५५० रुपये. घरभाड्यापोटीं पुण्यास १७,३१० आणि बाळापुरास ५,७७०. एकूण पुण्यास १,०३,८६०, बाळापुरास ९२,३२०. फरक ११,५४० रुपयांचा, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. जुन्या भाषेंत रुपयामागें दोन आणे. वेतन पुढें वाढलें तरी हें प्रमाण बदलत नाहीं; महागाई भत्ता चढत जाईल तसें मात्र तें घटतें, कारण घरभाडें मूळ वेतनावरच मोजतात. अर्थात् बाळापुरास १०० रुपयांत चालणारा संसार पुण्यास साडेबाराअधिक शंभरांत चालला, तरच दोन्ही पगार समान.

मग संसाराची यादी केली. साबण, औषधें, क्रमिक पुस्तकें यांची किंमत वेष्टनावर छापलेली, म्हणून सर्वत्र एकच. अकोल्याच्या डाळमिलांतली तूरडाळ पुण्यास थोडी चढी. खरा घाव घराचा. निर्देशांकांत घराचा वांटा १६.८७ टक्के आहे. आमच्या प्राध्यापकांनीं पुण्यांत चौकशी केलेल्या जागेचें भाडें मात्र पगाराच्या चौथाईच्या पुढें जात होतें. इकडे ते वडिलोपार्जित वाड्यांत राहतात आणि घरभाडे भत्ताही घेतात! हिशेब आला बाळापुरास १००, तर पुण्यास १२९.

अर्थात् हा हिशेब कायम नोकरीचा. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुणांना ना महागाई भत्ता, ना घरभाडें. जितके तास, तितकेच पैसे. सुट्टी लागली कीं तेही थांबतात. त्यांच्यासमोर ही पाटी धरण्याचा मला धीर होत नाहीं.

"राहा येथेंच," असें मी म्हणणार, तोंच प्राध्यापक म्हणाले, "थोरली मुलगी पुण्यास शिकते, तिचें वसतिगृह आणि खाणावळ?" तो खर्च मी बाळापूरच्या रकान्यांत घालावयास विसरलों होतों. तो घातला, आईच्या औषधोपचारासाठीं होणाऱ्या नागपूरच्या खेपा घातल्या, आणि बाळापूरच्या शंभरास पुण्याचा आंकडा १११ वर उतरला. साडेबारांच्या आंत! प्राध्यापकांचा चेहरा उजळला.

इतक्यांत त्यांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या व पाटीकडे पाहूं लागल्या. "आपण पुण्यास गेल्यावर वाड्याची डागडुजी कोण करणार? त्याचा खर्च यांत कोठें आहे?" असें त्यांनीं विचारलें. तो आम्हीं धरलाच नव्हता. मीं पाटी पुसली, आणि आम्ही पुन्हा पहिल्या आंकड्यापासून आरंभ केला.