अंगमाप – भाग ४ : मांडीचा घेर आणि पट्ट्याचा दाब

पऱ्हाटीत कोणाला साप चावला की जखमेच्या वर करकचून दोरी बांधायची, ही समजूत विदर्भातल्या खेड्यांतून अजून गेलेली नाही. डॉक्टर तसे करू नका म्हणून सांगतात. रक्तच अडले तर पायाचे मांस मरू शकते. तेव्हा मांडीला पट्टा आवळून व्यायाम करतात, हे ऐकून अल्लीपूरचा शेतकरी दचकला तर त्यात नवल नाही.

पण या पट्ट्याचे काम दोरीहून वेगळे आहे. तो वर येणारे रक्त अडवतो, खाली जाणारे मात्र थोडे चालू ठेवतो. जपानच्या योशिआकी सातो यांना ही कल्पना १९६६ मध्ये एका बौद्ध श्राद्धविधीत सुचली. बराच वेळ गुडघे मुडपून बसल्याने पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि कसून व्यायाम केल्यावर वाटते तसेच वाटत होते.

आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही पद्धत वापरतात. १० किलो उचलू शकणाऱ्याला २-३ किलोच द्यायचे. आधी ३० वेळा, मग तीनदा १५-१५ वेळा. दुखऱ्या सांध्यावर फारसा भार पडत नाही, स्नायूला मात्र मेहनत पडते.

दाब किती, हा खरा प्रश्न. जाड मांडीत दाब आतल्या धमनीपर्यंत पोचता पोचता कमी होतो, म्हणून तिला जास्त लागतो. तोच आकडा बारीक मांडीवर लावला तर रक्त पूर्ण थांबू शकते. पट्ट्याची रुंदीही बघावी लागते. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये रक्तदाब मोजायला अवघ्या ५ सेंटिमीटरची पट्टी वापरली आणि आकडे फुगून आले. १९०१ मध्ये रेकलिंगहाउझेन यांनी रुंद पट्टी घेऊन ते सुधारले. व्यायामाच्या पट्ट्यालाही हेच लागू: रुंद असेल तर कमी दाबात काम होते. म्हणून ऐकीव आकडा लावूच नये. त्या माणसाचे रक्त किती दाबाला थांबते ते डॉपलर यंत्राने पाहून त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब ठेवतात.

घेर मात्र आत काय आहे ते सांगत नाही. उंची-वजनावरून काढलेल्या बीएमआयचेही तसेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण चरबी याज्ञिकांत २१.२ टक्के आणि युडकिनांत ९.१ टक्के. तेव्हा व्यायामाने मांडी भरली की ताकद आली, असे फितीवरून ठरवता येत नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट आधी विचारायला हवी, ती सिकलसेलची. प्राणवायू कमी पडला की या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि आवळलेल्या पायात प्राणवायू कमीच असतो. वाहक असलेल्याला एरवी त्रास होत नाही, त्यामुळे पुष्कळांना आपण वाहक आहोत हेही ठाऊक नसते. अल्लीपूरहून हिंगणघाट वा वर्ध्याला जाऊन रक्त तपासून घेतल्याखेरीज असा पट्टा बांधू नये, जिममधल्या मित्राने कितीही आग्रह केला तरी.

(पुढील आठवड्यात : पोटाचा घेर)