सहलीचं पाणी : निघण्याआधीच करा सोय

मैत्रिणींनो, सहल ठरली की घरात सगळ्यात आधी चर्चा होते ती खाण्याची. दशम्या किती, चिवडा किती, शेंगदाण्याची चटणी कोरडी घ्यायची की दह्यातली! पाण्याचं नाव निघतं ते थेट गाडी सुरू झाल्यावर. "अगं, पाणी घेतलंस ना?" हा प्रश्न मागच्या सीटवरून येतो, आणि तो नेमका तुम्हालाच विचारला जातो.

आपल्या आई-आजीच्या काळी प्रवासाला फिरकीचा तांब्या असायचा. आगगाडीच्या एका रात्रीला तेवढ्याने भागायचं. आता सहलींची तऱ्हा बदलली आहे. धरणाकाठी तंबू ठोकून दोन रात्री काढायच्या, कोकणात गाडी घेऊन चार दिवस हिंडायचं, गडाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, असे बेत आता मध्यमवर्गीय घरांतूनही होतात. महाराष्ट्राच्या पर्यटन खात्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच म्हणा ना! झोपायची सोय, छोटासा ओटा, मोरी, सगळं गाडीत. पण ध्यानात घ्या, त्या ओट्यावरच्या नळाला पाणी येतं ते गाडीतल्या टाकीचं, आणि टाकी कुणीतरी भरावी लागते.

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, असं आपण मुलांना शिकवतो. सहलीच्या बाबतीत मात्र आपणच ते विसरतो. मग पोटं बिघडतात, उलट्या-जुलाब होतात, कधी घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कावीळ निघते. सहल दोन दिवसांची आणि निस्तरणं महिन्याचं!

किती पाणी घ्यायचं?

हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला पिण्यासाठी ३ लिटर धरा. चहा-सरबत त्यातच आलं. उन्हाळा कडक असेल, चढणं-उतरणं असेल तर त्यात आणखी १ लिटर वाढवा. स्वयंपाकाला माणशी ३ लिटर, आणि हात-तोंड धुणं, भांडी विसळणं यासाठी ४ लिटर. म्हणजे काटकसरीने वागलं तर माणशी दिवसाला १० लिटर. यात आंघोळ नाही, बरं का!

आता सहा जणांचं कुटुंब तीन दिवसांसाठी निघालं, तर हे झालं १८० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १८० किलो म्हणजे तीन मोठी माणसं जास्तीची गाडीत बसवल्यासारखं झालं. तेव्हा सगळं पाणी घरून नेणं साध्या गाडीला झेपणारं नाही.

यावर तोड एकच: पिण्याचं घरून, वापरायचं तिथून. सहा जणांना तीन दिवस प्यायला ५४ लिटर लागतं, म्हणून ६० लिटर घरून न्या. स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी मुक्कामाच्या गावी भरून घ्या. मात्र तिथे पाणी कुठे मिळतं, हे निघण्याआधी फोन करून विचारा. एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी गावांत तिथल्या बायकाच हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालत असतात. अशा ठिकाणी आपण पाहुण्यांनी जाऊन चार कॅन भरून आणायचे, हे बरं दिसतं का? तिथे टँकरचं पाणी विकत घ्यायची तयारी ठेवा किंवा जागाच बदला.

कशात न्यायचं?

वीस लिटरचा एक मोठा कॅन स्वस्त पडतो, पण तो उचलताना पाठीचे मणके बोलू लागतात. त्यापेक्षा दहा-दहा लिटरचे सहा कॅन बरे. एखादा सांडला, एखाद्यात कुणी खरकटा हात घातला, तरी बाकीचे पाच शाबूत राहतात. शिवाय दहा लिटरचा कॅन घरातला मोठा मुलगाही उचलू शकतो. पाणी भरणं म्हणजे फक्त आईचं काम, असं कुठे लिहून ठेवलंय?

कॅन खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकचाच हवा. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असलेले जाड कॅन पाण्यासाठी वापरतात, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तो खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी आहे, असं लिहिलेलं पाहून घ्या. रंगाचे, डिझेलचे, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कितीही घासले तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचे नाहीत. प्लास्टिक वास आणि रसायनं शोषून घेतं, आणि ती धुण्याने जात नाहीत.

तोंड अरुंद आणि खाली नळ, असा एक तरी कॅन घ्याच. रुंद तोंडाच्या पातेल्यात दिवसभरात किती हात बुडतात, हे तुम्हाला काय सांगायचं? स्वच्छ भरलेलं पाणी घरात आणि मुक्कामात बिघडतं ते बहुतेक वेळा असंच, भांडं बुडवण्याने. नळाचा कॅन नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि त्याला खुंटी नेमून द्या.

कॅन धुण्याची रीत

आदल्या दिवशी साबणाचं कोमट पाणी आणि मूठभर जाडं मीठ किंवा तांदूळ कॅनमध्ये घालून चांगलं खळखळवा. हात न पोचणारे कोपरे त्याने निघतात. नव्या कॅनला प्लास्टिकचा वास असेल, तर लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा आणि स्वच्छ धुऊन टाका. त्यानंतर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच घाला, ते कॅनमध्ये सगळीकडे फिरवा, अर्धा मिनिट थांबून ओतून द्या आणि पिण्याच्या पाण्याने विसळा. झाकण आणि नळ यांनाही हे पाणी लागू द्या. एक काळजी मात्र घ्या: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कॅरव्हॅन भाड्याने घेणार असाल तर मालकाला तीन प्रश्न बेधडक विचारा. टाकी क्लोरीनने शेवटची कधी धुतली? ती भरायची नळी वेगळी ठेवलेली आहे, की गाडी धुवायचीच आहे? आणि सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची? उत्तरं देताना मालक अडखळला तर टाकीचं पाणी हात-पाय आणि भांड्यांपुरतं ठेवा, पिण्याचं आपल्या कॅनमधलंच वापरा.

भरताना आणि नेताना

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कॅनमध्येही थोडा काळ राखण करतं. घरातल्या आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्यात मात्र ते उरत नाही. म्हणजे पाणी शुद्ध, पण त्याला राखणदार नाही! असं पाणी भरणार असाल तर कॅन अगदी चोख धुतलेला हवा. शिवाय ही यंत्रं तासाला साधारण १२ ते १५ लिटर पाणी देतात. ६० लिटरला चार-पाच तास लागतील, म्हणून भरणं आदल्या दुपारीच सुरू करा. पहाटे पाचला गाडी दारात आणि तुम्ही यंत्रासमोर, असं नको.

कॅन काठोकाठ भरा. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी घाटाच्या वळणावर हेलकावे खातं आणि कॅन आडवा करतं. ठेवायचे ते खाली, गाडीच्या तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून आणि दोरीने बांधून. टपावर चुकूनही नाही. वरचं वजन वळणावर गाडीला एका बाजूला ओढतं. पेट्रोलचा डबा, रॉकेल, फिनेल यांच्या शेजारी पाणी ठेवू नका. वर ओलं गोणपाट टाकलंत तर ऊनही लागत नाही आणि पाणी थंड राहतं. पूर्वी गाडीला बाहेरून टांगलेल्या कापडी पिशवीत पाणी गार व्हायचं, ते याच युक्तीने.

तिथलं पाणी प्यायची वेळ आली तर?

हिशेब कधीकधी चुकतो. जास्तीचे पाहुणे येतात, कॅन कलंडतो. गडावरची टाकी, ओढा, विहीर यांचं पाणी काचेसारखं नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. खाणीचं सांडपाणी जिथे येतं, किंवा फवारणी झालेल्या बागेला लागून जी विहीर आहे, तिथलं पाणी तर उकळूनही पिण्याजोगं होत नाही. रसायनं उकळल्याने जात नाहीत.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा आणि गाळ बसू द्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे विसरू नका. मग कापडाने गाळा. आणि कापड कुठलं? आपली जुनी सुती साडी! यात थट्टा नाही. बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांत शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीची घडी घालून, तिचे आठ पदर करून पाणी गाळायला बायकांना शिकवलं. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. तिथे कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरलं होतं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते पदरात अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिची वीण दाटलेली असते. गाळल्यावर कापड स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचं.

पण गाळणं ही पहिली पायरी झाली. त्यानंतर उकळणं हवंच. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट थांबा आणि गॅस बंद करा. वीस-वीस मिनिटं उकळून गॅस जाळायची गरज नाही. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यामुळे आपल्याकडे कुठेही एक मिनिट पुरतं. लेह-लडाखसारख्या २००० मीटरपेक्षा उंच जागी मात्र तीन मिनिटं उकळा, कारण तिथे पाण्याला कमी उष्णतेतच उकळी येते. उकळायची सोय नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या मापाने घाला आणि पुरता अर्धा तास थांबा. काही चिवट जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून लहान मुलांना शक्यतो उकळलेलंच द्या.

पाण्याची काटकसर

भाज्या घरीच धुऊन, कोरड्या करून, चिरून न्या. जेवायला पत्रावळी आणि द्रोण घ्या. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली तर निम्म्या पाण्यात निघतात. तांदळाच्या धुवणात पहिली विसळणी करा. नळाचा कॅन गुडघाभर उंच दगडावर ठेवा आणि शेजारी जाळीच्या पिशवीत साबण टांगा. समोर साबण दिसला की मुलं आपणहून हात धुतात. भांड्यांचं पाणी ओढ्यात सोडू नका, काठापासून दोनशे फूट लांब टाका. खालच्या वस्तीला तेच पाणी प्यायचं असतं.

जुलाब झालेच तर

लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर चहाचे सपाट सहा चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा. घोट घोट देत राहा. या साध्या पाण्याची ताकद मोठी आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. तेव्हा क्षार-साखरेची दोन पाकिटं पर्समध्ये असू द्याच. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर मात्र सहल सोडून डॉक्टर गाठा.

आणि शेवटी तुमच्याविषयी

एवढी सगळ्यांची सोय झाली. पण खरं सांगा, सहलीत तुम्ही स्वतः किती पाणी पिता? वाटेत नीट संडास मिळणार नाही, म्हणून सकाळपासून ओठही न भिजवणाऱ्या बायका प्रत्येक गाडीत एक-दोन तरी असतातच. घरातल्या सगळ्यांना विचारून विचारून पाणी देतात आणि स्वतः कोरड्या राहतात. मग डोकं दुखतं, चक्कर येते, घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. ही काटकसर महागात पडते. पाणी पिणं कमी करू नका, थांबे वाढवा. दर दोन तासांनी चांगल्या पेट्रोलपंपावर किंवा खानावळीपाशी गाडी थांबवायची, हे निघण्याआधीच ठरवा आणि गाडी चालवणाऱ्यांना स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? तंबूच्या मुक्कामी आडोसा आणि एक बादली पाणी बायकांसाठी राखून ठेवा.

आपल्या नावाची एक लिटरची बाटली भरा, तिला रंगीत फीत बांधा आणि दिवसातून तीनदा ती रिकामी करा. परतल्यावर सगळे कॅन धुऊन, झाकणं उघडी ठेवून, उपडे वाळत घाला, म्हणजे पुढच्या सहलीला तयार. काय, मग निघताय ना?